टिपरूचं ‘लाकडी दांडकं’ होतं तेव्हा: एफआयआरमधली कलमं, राज्याचा कायदा आणि आरोपीचे हक्क

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांच्या पोरांची हाणामारी झाली. तुमचा धाकटा भाऊ, वय २३, ढोलपथकात होता. समोरच्या मुलाच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल झाला आणि त्यात भाऊ आरोपी नंबर दोन. कलमं लागली ती भारतीय न्याय संहितेची ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२), ३(५), सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१)/१३५. काल ठाण्यातून फोन आला, ‘येऊन सही करून जा, काही होत नाही.’ भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय, आईने जेवण सोडलंय, आणि तुम्हाला कळत नाहीये की त्याला पाठवावं की लपवावं.

तालुका आणि जिल्हा कोर्टात फौजदारी वकिली करून मला २७ वर्षं झाली. गणपती उरकले की अशी एक-दोन प्रकरणं येतातच. तुमच्या सगळ्या शंका एकात एक अडकलेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फोनचं. पाठवा, पण एकट्याला नको, आणि उद्याच पाठवा. लपवलंत तर उद्या रिमांड अर्जात ‘आरोपी फरार होता, तपासात सहकार्य करत नाही’ हे वाक्य येणार, आणि ते तुम्हीच पुरवलेलं असेल. तुमच्या भावावरचं सगळ्यात जड कलम ११८(१), त्याला जास्तीत जास्त ३ वर्षं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करायची नाही. अटक का हवी ते लिहून ठेवायचं, आणि गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१अ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३५(३). बाररूममध्ये आम्ही अजून ‘एक्केचाळीस ए’च म्हणतो. या नोटिशीप्रमाणे भाऊ हजर राहत गेला तर सहसा अटक होत नाही, आणि करायचीच ठरवली तर तपास अधिकाऱ्याला कारणं नोंदवावी लागतात.

नोटीस कागदावर आणि हातात मिळायला हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. पण म्हणून मोबाइलवर आलेला मेसेज दाखवत ‘ही नोटीसच नव्हे’ असा वाद ठाण्यात घालू नका. तो मुद्दा कोर्टात वकिलाच्या तोंडी शोभतो. ठाणे अंमलदाराला एवढंच म्हणा: ‘साहेब, लेखी नोटीस द्या, तारखेला हजर राहतो.’

आता ‘सही’. कशावर, हा खरा प्रश्न, आणि तो फोनवर कुणीच विचारत नाही. नोटिशीवर सही करायची, खाली स्वतःच्या अक्षरात तारीख आणि वेळ घालायची. ‘सायं. ६.१०’ एवढं लिहिलेलं नंतर किती कामाला येतं ते माझ्या अशिलांना विचारा. एक प्रत मागून घ्यायची. जबाब मात्र वेगळा. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायची नाही, असं याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये आहे. तेव्हा ‘यावर सही लागत नाही ना साहेब?’ असं नरमाईने विचारायला हरकत नाही. कोऱ्या कागदावर, अर्ध्या भरलेल्या छापील फॉर्मवर, न वाचलेल्या मजकुरावर सही करायची नाही. शिपाई खेकसला तरी नाही.

आणि चौथा कागद सगळ्यात बेरकी: मेमोरंडम पंचनामा. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात येत नाही, हे आता बऱ्याच लोकांना माहीत असतं. पण अटकेत असलेल्या आरोपीने ‘ती वस्तू मी अमुक ठिकाणी ठेवलीय, काढून देतो’ असं सांगितलं आणि ती तिथे सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. जुन्या पुरावा कायद्याचं ते २७ कलम, आता साक्ष अधिनियमाच्या २३ मध्ये बसवलंय. माझ्या एका अशिलाने ‘नोटिशीच्याच तीन प्रती आहेत’ म्हणून तीन कागदांवर सह्या केल्या. दोषारोपपत्र हातात आलं तेव्हा त्यातला एक कागद मेमोरंडम निघाला, तारीख अटकेतली. पुढे साक्षीला आलेला पंच म्हणजे ठाण्यासमोरचा चहावाला. उलटतपासात त्याने सांगून टाकलं की साहेबांनी बोलावलं की मी येतो, वाचत बसत नाही. सुटला तो, पण चार वर्षांनी.

मौन हा त्याचा घटनेतला हक्क आहे, अनुच्छेद २०(३). स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. नाव, पत्ता, शिक्षण सांगावं. भांडणाचं काय ते ‘वकिलांशी बोलून सांगतो’. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या एफआयआरच्या फोटोतली ती एक ओळ बघू: ‘...आपसात संगनमत करून फिर्यादीस शिवीगाळ, दमदाटी करून, लाथाबुक्क्यांनी व लाकडी दांडक्याने मारहाण करून, जिवे मारण्याची धमकी दिली व मा. जिल्हादंडाधिकारी यांच्या मनाई आदेशाचे उल्लंघन केले.’ हे वाक्य मी हजारदा वाचलंय. मिरवणूक असो, बांधावरचं भांडण असो की ग्रामपंचायतीची निवडणूक, वाक्य हेच, कारण त्यातल्या एकेका शब्दाला एकेक कलम टांगलेलं असतं. संगनमत म्हणजे ३(५), शिवीगाळ म्हणजे ३५२, धमकी म्हणजे ३५१(२), लाथाबुक्क्या ११५(२), दांडकं ११८(१). मनाई आदेश म्हणजे राज्याच्या कायद्याचं शेपूट, ३७(१)/१३५.

यातली शिवीगाळ, धमकी आणि लाथाबुक्क्या ही तिन्ही एकेकटी असती तर अदखलपात्र होती. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली असती आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासही करता आला नसता. पण एक जरी दखलपात्र कलम असलं की सगळी केस दखलपात्र धरली जाते. दांडक्याने ते काम केलंय. ११८(१) दखलपात्र आहे, शिवाय अजामीनपात्र आहे. (अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, हा गैरसमज गावोगाव आहे. हक्क म्हणून ठाण्यातच मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.) म्हणून ढोल वाजवायचं हातभर टिपरू फिर्यादीत ‘लाकडी दांडकं’ झालं. कलमाला वस्तू अशी लागते की हत्यार म्हणून वापरली तर जीव जाऊ शकेल. टिपरू त्यात बसतं का? जाडी किती, कुठे मारलं, जखम किती, यावर आहे. वाद घालण्याजोगा आहे आणि आपण तो घालणार, पण आज ठाण्यात नाही. दोषारोपपत्र आल्यावर, कोर्टात.

त्याहून आजच्या घडीला महत्त्वाचा कागद म्हणजे ग्रामीण रुग्णालयाचं जखम प्रमाणपत्र. त्यात जखमेचं माप, ‘कठीण व बोथट वस्तू’ आणि शेवटी दुखापत साधी की गंभीर, असे रकाने असतात. आज ‘साधी’ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एक्स-रे नंतर येतो. हाड मोडलं किंवा सरकलं, दात पडला, तर दुखापत गंभीर ठरते. पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचे व्यवहार करता आले नाहीत, तरीही गंभीर. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. मग होते कलमवाढ: ११८(१) चं ११८(२), आणि शिक्षा ३ वर्षांवरून थेट किमान एक वर्ष ते जन्मठेप. नाकाच्या एका हाडावर अख्खी केस पलटते. कोर्टाने जामीन दिल्यावर कलमवाढ झाली तर पोलिसांनी भावाला परस्पर उचलून नेता येत नाही, त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय.

अटकपूर्व जामिनासाठी आजच सत्र न्यायालयात धावू का, असं तुम्ही विचारलंय. मी तुमच्या जागी असतो तर थांबलो असतो. नोटिशीवर काम भागत असताना अर्ज केला आणि तो फेटाळला गेला, तर ज्याला अटक करायची नव्हती त्यालाही अटक करणं तपास अधिकाऱ्याला भाग पडल्यासारखं होतं. फिर्यादीचा एक्स-रे वाईट निघाल्याचं कानावर आलं तर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज दाखल झाला पाहिजे. कागद आत्ताच तयार करून ठेवा.

राज्याच्या कायद्याचं बोलतो. न्याय संहिता केंद्राची, देशभर एकच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मात्र आपला; जुने हवालदार अजून ‘बीपी अ‍ॅक्ट’ म्हणतात, कारण तो मूळचा मुंबई पोलीस कायदा. सणासुदीला, निवडणुकीला जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ३७(१) खाली शस्त्रबंदी आणि ३७(३) खाली जमावबंदीचे आदेश काढतात. तो मोडला तर १३५ खाली शिक्षा, एक वर्षापर्यंत. आता गंमत बघा. हे कलम जवळजवळ प्रत्येक हाणामारीला चिकटवतात आणि सिद्ध करायला विसरतात. आदेश त्या तारखेला, त्या हद्दीत लागू होता का, आणि तो लोकांना जाहीर केला होता का, हे सरकार पक्षाने दाखवायचं असतं. जाहीर करण्याच्या पद्धती कायद्यातच आहेत: ठळक जागी प्रती डकवणे, वर्तमानपत्रात देणे किंवा ढोल वाजवून दवंडी देणे. ढोलपथकातल्या मुलाच्या केसमध्ये हे वाचून दाखवताना मला हसू आवरत नाही. तर आतापासून एक करा: मिरवणुकीच्या काळातल्या स्थानिक पेपरांची कात्रणं जपून ठेवा आणि मनाई आदेशाच्या प्रतीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. वर्षभराने हे शोधायला गेलं की हाती लागत नाही.

समजा अटक झालीच. तर घड्याळ बघायला लागा. अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, आणि त्याला कळणाऱ्या भाषेत. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. तत्काळ लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करण्याआधी किमान दोन तास कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटकच बेकायदा ठरू शकते. ‘कलम ११८(१) मध्ये अटक’ एवढं लिहिणं म्हणजे कारणं देणं नव्हे. घरच्यांना कळवावं लागतं, वैद्यकीय तपासणी करावी लागते, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं.

तिथे न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?’ शेजारी तोच हवालदार उभा असतो ज्याच्याबरोबर रात्र काढलेली असते, आणि पोरगं मान खाली घालून म्हणतं, ‘नाही.’ ते ‘तक्रार नाही’ रोजनाम्यात उमटतं आणि नंतर पाठीवरचे वळ दाखवले तरी कुणी बघत नाही. मारहाण झाली असेल तर भावाने तेव्हाच आणि मोठ्याने सांगायचं. हे त्याला घरीच, शांत डोक्याने समजावून ठेवा.

त्या दिवशी पीसीआर किंवा एमसीआर होते, म्हणजे पोलीस कोठडी नाहीतर न्यायालयीन कोठडी. अशा केसमध्ये ‘हत्यार जप्त करायचंय’ म्हणून एखाद-दोन दिवसांची पीसीआर मागतात. एमसीआर झाली की त्याच दिवशी जामीन अर्ज. जामीनदाराला सातबारा, रेशन कार्ड आणि आधारच्या मूळ प्रती घेऊन कोर्टाच्या आवारात सकाळीच बसवून ठेवा. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने दोन रात्री तुरुंगात काढलेली पोरं मी पाहिलीत. दोषारोपपत्राला मुदत आहे, तुमच्या केसमध्ये ६० दिवस, ११८(२) झालं तर ९०. ती अटकेपासून मोजत नाहीत, पहिल्या रिमांडपासून, तो दिवस धरून मोजतात. मुदत टळली आणि दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्कच होतो, पण पोलिसांनी कागद दाखल करण्याआधी तुमचा अर्ज गेला पाहिजे. दुपारी गेलेला अर्ज सकाळी आलेल्या दोषारोपपत्रापुढे निकामी.

वकील परवडत नसेल तर लाजू नका. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. मोफत वकील हा आरोपीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं होतं.

या गुन्ह्याच्या मागोमाग तहसीलदारांची किंवा, आयुक्तालय असेल तर, सहायक पोलीस आयुक्तांची एक नोटीस येईल. घाबरू नका, त्याला ‘चॅप्टर’ म्हणतात. शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतात. ती शिक्षा नव्हे. पण ‘मी भांडण केलं, पुन्हा करणार नाही’ असं त्यात लिहून देऊ नका. कारणे दाखवा म्हटलंय तर म्हणणं वकिलामार्फत द्या. खरी भीती पुढची आहे. आणखी एक-दोन गुन्हे नावावर चढले की ५५ किंवा ५६ खाली तडीपारीचा प्रस्ताव जातो, तोही राज्याच्या पोलीस अधिनियमातलाच. आधी नोटीस आणि सुनावणी द्यावीच लागते, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि आदेशाविरुद्ध ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. जालन्याच्या एका प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तडीपारी रद्द करताना म्हटलं की हा अपवादात्मक उपाय आहे आणि पूर्ण दोन वर्षांसाठी हद्दपार करायचं तर तशी कारणं आदेशात दिसली पाहिजेत. तुमचा भाऊ तिथपासून खूप लांब आहे. त्याला मंडळाच्या नव्या भानगडींपासूनही तेवढाच लांब ठेवा.

मिटवण्याबद्दल. गावात दोन्हीकडचे जाणते बसले आहेत म्हणता, चांगलं आहे. शिवीगाळ, धमकी आणि साधी मारहाण आपसात मिटवता येतात. ११८(१) मिटवता येत नाही. त्यासाठी दोघांनी मिळून उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घ्यायचा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच झाल्याने मुंबईची वारी वाचली. ‘ठाण्यात बसून मिटवलं, गुन्हा मागे घेतला’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. एफआयआर ठाण्यात मागे घेता येत नाही.

आणि आता भरतीचं, कारण तुमच्या आईचा जीव तिथे अडकलाय. कोर्टात दोषारोप ठेवताना न्यायाधीश विचारतील, ‘गुन्हा कबूल आहे का?’ कुणीतरी बाकावरून कुजबुजेल, ‘कबूल म्हण, दंड भर, आजच मोकळा होशील.’ हा सल्ला देणाऱ्याला सरकारी नोकरी करायची नसते. दंड पाचशेचा असला तरी ती दोषसिद्धी आहे. मिरवणुकीत दंगा केला म्हणून पोलीस अधिनियमाच्या ११०/११७ खालीसुद्धा असाच दंड भरून पोरं मोकळी होतात आणि चारित्र्य पडताळणीत अडकतात. त्याने ‘कबूल नाही’ म्हणायचं. दोषारोपपत्राच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत दोषमुक्तीचा अर्ज करता येतो; नव्या संहितेने ही मुदत घातलीय आणि अनेकांची ती चुकते आहे.

प्रलंबित गुन्ह्याने भरतीचं दार आपोआप बंद होत नाही. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरायला देतात. त्यात ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?’ असा रकाना असतो. तिथे ‘नाही’ लिहिणारी मुलं मी उच्च न्यायालयापर्यंत हरताना पाहिलीत. गुन्हा किरकोळ होता, पुढे निर्दोषही सुटली, पण नोकरी गेली ती लपवल्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये यावर सविस्तर निकाल दिलाय. खरं सांगितलं तर गुन्ह्याचं स्वरूप आणि निकाल बघून अधिकाऱ्याने विचार करायचा असतो. म्हणजे ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, सगळी कलमं, केसची आजची अवस्था, सगळं लिहायचं. त्यासाठी एफआयआरची नीट प्रत लागेल. फोटोतला नंबर अर्धा कापला गेलाय. पोलिसांच्या वेबसाइटवर जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकून उतरवून घ्या. तिथे नसेल तर अर्ज द्या, आरोपीला २४ तासांत प्रत मिळायला हवी. उद्या ठाण्यात जाताना ती बरोबर असू द्या.